तीस दिवसांची पट्टी

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात एक प्रतिज्ञापत्र सादर केलं. कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये द्यायचं ठरत होतं, आणि कोरोनाचा मृत्यू नेमका कोणता धरायचा यावर घोळ चालू होता. आधीच्या नियमावलीत आत्महत्या, खून, अपघात आणि विषबाधा एका दमात वगळून टाकल्या होत्या, मग माणूस पॉझिटिव्ह का असेना. न्यायालयाने फेरविचार करा म्हटल्यावर सरकार एक पाऊल मागे आलं. अहवाल पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांच्या आत ज्याने जीव संपवला, त्याच्या घरच्यांनाही मदत मिळेल, असं ठरलं.

निर्णय माणुसकीचा होता, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्यातली पट्टी बघण्यासारखी आहे. महामारीमुळे माणूस आयुष्याला कंटाळू शकतो, हे सरकारने मान्य केलं खरं, पण त्यासाठी त्याच्या नाकात विषाणू सापडायला हवा आणि त्याने एक महिन्याच्या आत मरायला हवं. एकतिसाव्या दिवशी गेलेला त्यात बसत नाही. ज्याला कोरोना झालाच नाही, फक्त काम सुटलं, तो तर नाहीच नाही.

महाराष्ट्राला असल्या पट्ट्या नव्या नाहीत. शेतकऱ्याने आत्महत्या केली की प्रकरण समितीपुढे जातं. सातबारा त्याच्या नावावर होता का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून ते ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये मिळतात. वडिलांच्या नावावरची जमीन कसणारा मुलगा, बिनपरवाना सावकाराकडून पैसे उचललेलं कूळ, यांचं काय होतं ते विदर्भ-मराठवाड्यात कुणालाही विचारा. पण या पट्टीचा निदान एक उपयोग झाला. शेतकरी आत्महत्या ही पीक, भाव आणि कर्ज यांची गोष्ट आहे, हे आपण सगळ्यांनी मान्य केलं. शेतकऱ्याला ‘सकारात्मक विचार करा’ असं सांगणाऱ्याला गावात लोक हसतील.

शहरातल्या रोजंदाराच्या वाट्याला मात्र तेवढंही आलं नाही. महामारीत आणि त्यानंतर त्याने जीव दिला, तर आपण त्यावर ‘मानसिक आरोग्याचा प्रश्न’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि समुपदेशनाचा सल्ला देऊन मोकळे झालो. माझा वाद या चिठ्ठीशी आहे.

टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांतली भाकितं आठवून बघा. कोरोनामागून आत्महत्यांची लाट येणार, असं जगभर बोललं जात होतं. घरात कोंडलेली माणसं, एकटेपणा, आजाराची भीती, हे सगळं पाहता ते पटण्यासारखंही होतं. त्याला जुने दाखलेही होते. २००३ मध्ये सार्सच्या साथीत हाँगकाँगमधल्या वृद्धांच्या आत्महत्या वाढल्या होत्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की, महामारीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे मनं खरोखरच आजारली होती. पण आत्महत्या तशा वाढल्या नाहीत. बहुतांशी श्रीमंत अशा २१ देशांचे एप्रिल ते जुलै २०२० चे आकडे संशोधकांनी तपासले, तेव्हा कुठेही अपेक्षित लाट दिसली नाही, काही ठिकाणी तर आकडा खाली गेला होता. अमेरिकेत २०१९ मध्ये ४७,५११ आत्महत्या झाल्या होत्या, त्या २०२० मध्ये ४५,९७९ झाल्या.

हे कसं, याची उत्तरं अनेक आहेत. संकटाच्या सुरुवातीला माणसं एकमेकांना धरून राहतात, हे आपण भूकंपात आणि पुरात पाहिलं आहे. पण एक कारण फारसं काव्यात्म नाही. त्या देशांपैकी अनेकांनी घरी बसलेल्या माणसाच्या खात्यात पैसे टाकले. पगार सरकारने भरला, भाडेकरूला बाहेर काढायला बंदी घातली. नैराश्य वाढलं, पण चूल पेटत राहिली.

जपानची कहाणी जास्त बोलकी आहे. तिथे साथीच्या पहिल्या पाच महिन्यांत आत्महत्या १४ टक्क्यांनी घटल्या आणि जुलै ते ऑक्टोबर २०२० मध्ये १६ टक्क्यांनी वाढल्या. त्यातही बायकांमधली वाढ ३७ टक्के होती. सरकारी मदतीचा पहिला जोर ओसरल्यावर हॉटेलं, दुकानं, सेवाक्षेत्र यांतल्या कंत्राटी, अर्धवेळ नोकऱ्यांचा फटका बसू लागला, आणि त्या नोकऱ्यांत बायकाच जास्त होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये जपानने एकाकीपणासाठी वेगळा मंत्री नेमला. बातमी आपल्याकडे गंमत म्हणून छापली गेली. आकडा कधी वाढला, हे मात्र कुणी फारसं पाहिलं नाही. तो भीतीच्या काळात न वाढता, भीती ओसरून बिलं यायला लागल्यावर वाढला होता.

आता आपल्याकडे येऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या झाल्या. २०२० मध्ये १,५३,०५२, तर २०२१ मध्ये १,६४,०३३. लाखामागचा दर १०.४ वरून ११.३ आणि मग १२ वर गेला. महाराष्ट्र या यादीत संख्येने पहिला असतो, तसा या वर्षांतही राहिला: २०१९ मध्ये १८,९१६, २०२० मध्ये १९,९०९ आणि २०२१ मध्ये २२,२०७. देशात पहिल्या वर्षीची वाढ मोठी होती. राज्यात मात्र खरी उडी दुसऱ्या वर्षी दिसते. पहिल्या वर्षी हजाराची वाढ झाली, दुसऱ्या वर्षी तेवीसशेची.

इथे थांबून ‘बघा, कोरोनाने केलं’ म्हणायचा मोह होतो. पण आधीची वर्षं काढून पाहिली की तो मोह आवरावा लागतो. २०१७ मध्ये देशाचा आकडा १,२९,८८७ होता, २०१८ मध्ये १,३४,५१६. म्हणजे चढण आधीच लागली होती, महामारीने गाडीचा वेग वाढवला. आणि महामारी संपल्यावर गाडी उतरणीला लागली का? २०२२ मध्ये १,७०,९२४ आणि २०२३ मध्ये १,७१,४१८. मास्क गेले, हॉटेलं भरली, लग्नाचे हॉल मिळेनासे झाले, आणि हा आकडा जिथे चढला होता तिथेच बसून राहिला. फक्त भीतीने आणि कोंडल्याने वाढला असता, तर कोंडवाडा उघडल्यावर तो निदान थोडा तरी खाली आला असता.

मग गेले कोण? २०१९ मध्ये आत्महत्या केलेल्यांत रोजंदारी करणारे ३२,५६३ होते. २०२० मध्ये ३७,६६६, २०२१ मध्ये ४२,००४. दोन वर्षांत जवळजवळ साडेनऊ हजार जास्त. यात शेतमजूर नाहीत, त्यांचा रकाना वेगळा आहे. हे नाक्यावर उभे राहणारे, बिगारी, रंगारी, हमाल, यंत्रमागावर पाळी करणारे. २०२१ मधल्या दर चार आत्महत्यांमागे एक यांची. व्यावसायिक म्हणून नोंदलेल्यांच्या आत्महत्या २०१९ मध्ये ९,०५२ होत्या, त्या २०२० मध्ये ११,७१६ झाल्या, म्हणजे त्या वर्षी शेती क्षेत्रातल्या एकूण १०,६७७ पेक्षाही जास्त. ‘व्यावसायिक’ म्हटल्यावर कारखानदार डोळ्यांपुढे आणू नका. या रकान्यात वडापावची गाडी लावणाराही येतो आणि मंडपाचं सामान भाड्याने देणाराही. २०२१ मध्ये जीव दिलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्क्यांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होतं.

आता याच अहवालातला कारणांचा तक्ता बघा, म्हणजे चिठ्ठी कशी चिकटते ते कळेल. २०२० मध्ये बेकारीमुळे झालेल्या आत्महत्या ३,५४८. दिवाळं आणि कर्जबाजारीपणामुळे ५,२१३. एका तक्त्यात साडेसदतीस हजारांवर रोजंदार आणि दुसऱ्यात साडेतीन हजार बेकार! बाकीचे सुखाने काम करत होते की काय? सगळ्यांत मोठं कारण म्हणून ‘कौटुंबिक समस्या’ येते, सुमारे एक तृतीयांश. तिच्यामागे आजारपण, १८ टक्के.

हे आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. ते कुठून येतात ते पाहायला हवं. घरात कुणी गेलं की पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते. हवालदार येतो, पंचनामा करतो, रडणाऱ्या माणसांना विचारतो, ‘काय झालं होतं?’ घरचे सांगतात, ‘काही नाही साहेब, सकाळी जरा वाजलं होतं.’ झालं, कारण कौटुंबिक. सकाळी कशावरून वाजलं, हे विचारायला तक्त्यात जागा नाही. तीन महिने भाडं थकलं होतं, बायकोच्या बचत गटाचा हप्ता त्याने दारूत घातला होता, मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी मोबाइल हप्त्यावर घेतला होता आणि वसुलीवाला कालच दारात येऊन चार माणसांदेखत बोलून गेला होता, हे सगळं ‘वाजलं’ या एका शब्दात जातं. शिवाय रोजंदार स्वतःला बेकार म्हणत नाही. त्याच्या भाषेत ‘सध्या खाडे पडतात’. महिन्यात पंचवीसऐवजी नऊ दिवस काम मिळालं, तरी तो कागदावर कामकरीच.

उधारीचं वेळापत्रक तर जास्तच लक्षात घेण्यासारखं आहे. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने न भरण्याची सवलत दिली, नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. त्या वेळी ती गरजेचीच होती. पण सवलत हप्त्याला होती, व्याज चालूच होतं. रिक्षा हप्त्यावर घेतलेल्या माणसाचं काय झालं असेल, त्याचा हिशेब करायला अर्थशास्त्र लागत नाही. सहा महिने रिक्षा उभी राहिली, सप्टेंबरपासून हप्ता पुन्हा सुरू झाला आणि मुद्दल होतं त्याहून वाढलेलं. प्रवासी अजून अर्धेच. मग रिक्षाचा हप्ता भरायला दुसरीकडून उचल, ती फेडायला मोबाइलवरचं ॲप. कागद नाही, जामीन नाही, दहा मिनिटांत पैसे. फक्त फोनमधले सगळे नंबर त्यांना वाचू द्यायचे. हप्ता चुकला की तुमच्या मेव्हण्याला आणि मुलीच्या बाईंना फोन जायचे, तुमचा फोटो फिरायचा. हा छळ इतका वाढला की रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०२१ मध्ये त्यावर अभ्यासगट नेमावा लागला. नियम यायला मात्र २०२२ उजाडलं.

तीस दिवसांच्या पट्टीचा खरा दोष इथे आहे. महामारीचा विषाणू चौदा दिवसांत उतरतो, तिचं कर्ज उतरायला चार-पाच वर्षं लागतात. आकडे २०२३ पर्यंत खाली का आले नाहीत, याचं निदान एक उत्तर यात असावं असं मला वाटतं. सिद्ध करायला लागेल तेवढा तपशील पंचनाम्यात नसतो, हेच तर रडगाणं आहे.

जपानशी एक फरकही नोंदवायला हवा, कारण सगळीकडे एकच सूत्र लागू होत नाही. तिथे वाढ बायकांमध्ये झाली. आपल्याकडे मृतांमधलं पुरुषांचं प्रमाण २०१९ मध्ये ७०.२ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ७२.५ झालं. कमावता तो कर्ता, ही आपली जुनी व्यवस्था. काम गेलं की त्याचं उत्पन्न तर जातंच, शिवाय घरातली जागा जाते. दिवसभर घरी बसलेल्या बापाकडे मुलं ज्या नजरेने बघतात, किंवा बघतात असं त्याला वाटतं, त्यावर कुठला सर्व्हे होणार? याचा अर्थ बायका सुखात होत्या असा कुणी काढू नये. २०२० मध्ये बावीस हजारांवर गृहिणींनी जीव दिला, म्हणजे दिवसाला ६१. आणि गेलेल्या पुरुषांच्या मागे राहिल्या त्याही बायकाच. कोरोनाने नवरा गेलेल्या स्त्रियांसाठी महाराष्ट्रात कार्यकर्त्यांनी रेटा लावला, ‘विधवा’ऐवजी ‘एकल’ हा शब्द रुजवला आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ‘मिशन वात्सल्य’ काढून तालुकास्तरावर समित्या केल्या. चांगलं काम. पण त्या यादीत नाव यायला तेव्हा नवऱ्याच्या मृत्यूवर कोरोनाचा शिक्का लागायचा. नवऱ्याने धंदा बुडाल्यावर जीव दिला, तर तीही एकलच, पण यादीबाहेरची. पुन्हा पट्टी.

विद्यार्थ्यांबद्दल थोडंच लिहितो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यांच्या आत्महत्या २०१९ मधल्या १०,३३५ वरून दोन वर्षांत १३,०८९ वर गेल्या. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. टीव्हीवरच्या चर्चेत त्यांना कुणी ‘अधीर पिढी’ म्हटलं. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसचं भाडं, अभ्यासिकेची फी, मेसचं बिल आणि वयोमर्यादेचं संपत चाललेलं वर्ष, हे गणित ज्याने मांडलं नाही त्याला तो अधीरपणा वाटणारच.

आता दुसरी बाजू. कुणी म्हणेल, गरिबी तर कोट्यवधींच्या वाट्याला आली, कर्ज कुणाला नव्हतं, मग सगळ्यांनीच का नाही जीव दिला? प्रश्न रास्त आहे. माणूस तुटतो त्यात आजार असतो, दारू असते, स्वभाव असतो, एखाद्या रात्री शेजारी कुणी असणं-नसणंही असतं. नैराश्यावर औषध आहे, उपचाराने माणसं बरी होतात, आणि ते न मिळाल्याने मरतात. समुपदेशनाला मी फुकटचा सल्ला म्हणत असेन तर तो माझा मूर्खपणा ठरेल. माझी तक्रार अशी की, तेही आपण धड देत नाही. २०१९ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात देशात लाखामागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ निघाले होते. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. किनवटच्या माणसाने कुठे जायचं? त्यात गुन्ह्याची भीती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलं, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलं नाही. तरीही दवाखान्यात नेताना घरचे आजही ‘चुकून झालं’ म्हणूनच सांगतात.

चांगलं काम कसं होतं, याचा नमुना आपल्याच राज्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत, महामारीच्या काही वर्षं आधी, गोव्याच्या ‘संगत’ संस्थेने एक प्रयोग केला. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं. त्यांनी घरोघरी जाऊन झोप लागते का, जेवण जातं का, जीव कशात रमत नाही का, असं विचारलं. ‘डिप्रेशन’ हा शब्द रोजंदार वापरत नाही. तो म्हणतो, ‘डोक्याला ताप झालाय’, ‘हातपाय गळाल्यासारखे वाटतात’. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चार होते, ते सत्तावीसवर गेले. ही अगदी साधी रीत. त्यात फोनची वाट न बघता माणूस दारात जातो. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे, १४४१६ हा नंबर, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. ज्याला रात्र काढणं अवघड जातंय त्याने तो जरूर लावावा, किंवा त्याच्यासाठी शेजाऱ्याने लावावा. पण फोन लावायला माणसात जेवढी उमेद लागते, तेवढी ज्याच्यात उरली नाही, त्याचं दार कुणी ठोठवायचं?

आणि दार ठोठावून तरी हातात काय द्यायचं? इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देण्याची योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली. ती जिथे पोहोचली तिथल्या आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासकांना आढळलं. ती योजना आत्महत्या रोखण्यासाठी काढलेलीच नव्हती. आपल्याला तर याचं नवलही वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडत ज्या राज्याने जीव जगवले आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तेच हे राज्य. देशाने तो कित्ता नंतर गिरवला. टाळेबंदीत गावाकडे परतलेल्यांना २०२०-२१ मध्ये मनरेगाने विक्रमी काम दिलं. पण हमी खेड्यापुरती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतल्या मागवाल्याला ती लागू नाही. राजस्थानने २०२२ मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली. ज्या राज्याने हमी शोधून काढली, त्याने शहरासाठी अजून ती केलेली नाही, आणि आत्महत्यांच्या संख्येत मात्र पहिला नंबर सोडलेला नाही. माझ्या मते शहरी रोजगार हमी आणि लहान कर्जांच्या वसुलीवर कडक लगाम, हे आरोग्य खात्याच्या आत्महत्या प्रतिबंधाच्या कागदावर सर्वांत वर यायला हवेत. हे आपलं खातं नव्हे, असं आरोग्य खातं म्हणेल. तोच तर घोळ आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने देशाचं पहिलं आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केलं. २०३० पर्यंत आत्महत्यांचं प्रमाण दहा टक्क्यांनी कमी करायचं. कागद काढला हे चांगलंच. पण २०२० चा दर धरून हिशेब केला, तर ११.३ मधून दहा टक्के गेल्यावर राहतात १०.२. हा दर आपण २०१८ मध्ये पाहिलेला आहे. आठ वर्षं धोरण राबवून आपण कोरोनाच्या दोन वर्षं आधी जिथे होतो तिथे पोहोचणार, आणि सध्याचा रस्ता तर त्या दिशेनेही जात नाही.

मोठ्या गोष्टी होईपर्यंत एक छोटी करता येईल. तिला ना नवा कायदा लागतो ना फार पैसा. पंचनाम्याच्या फॉर्मवर चार ओळी वाढवा: शेवटचं काम कधी मिळालं होतं, मागच्या तीन महिन्यांत किती दिवस मिळालं, कुणाकुणाचे पैसे द्यायचे होते, आणि पुढचा हप्ता कोणत्या तारखेला होता.